काटा

कुणाच्या कपाळी कला असते, कुणाच्या कपाळी हमाली. जेन्नारो गात्तुझोच्या वाट्याला हमाली आली. पण ती त्याने अशी जीव तोडून केली, की मिलानकरांनी कलावंतांना मान दिला आणि हमालाला डोक्यावर घेतलं.

इटलीच्या बुटाचं टोक म्हणजे कालाब्रिया. तिथल्या कोरिल्यानो गावात १९७८ साली हा जन्मला. मिलानच्या फुटबॉल संघात काम एकच : समोरच्याकडून चेंडू हिसकावायचा आणि संघातला कलावंत पिर्लो, त्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा. पिर्लो केस सावरत पास देणार, स्टेडियम 'वाहवा' म्हणणार. तोवर हा पुढच्याच्या अंगावर गेलेला. इटलीकडून ७३ सामने, गोल फक्त १. टोपणनाव 'रिंगिओ', म्हणजे गुरगुर. आईबापांनी बारशाला जरा थांबायला हवं होतं.

याचं इटालियन व्याकरण मात्र पायांपेक्षाही अडखळणारं. पिर्लोने आत्मचरित्रात सांगितलंय : जेवणाच्या टेबलावर गात्तुझो क्रियापद बरोबर बोलला, तरी सगळे मिळून 'चुकलास' म्हणायचे. मग हा काटा उचलून अंगावर धावायचा. काट्याचे घाव लागून काहींचे सामनेही हुकले. क्लब जाहीर करायचा, स्नायू थकलेत!

तरुणपणी ग्लासगोत रेंजर्सकडून खेळताना इंग्रजीही तिथलीच उचलली. २०११ मध्ये ती कामाला आली. टॉटनहॅमचे साठीला टेकलेले स्कॉटिश सहायक प्रशिक्षक जो जॉर्डन यांच्याशी सामन्यात वाजलं. आधी गळ्याला हात, शिट्टी झाल्यावर डोक्याला डोकं. सामने बुडाले चार. दोघांत काय बोलणं झालं? तर म्हणे, स्कॉटिशमध्ये झालं, सांगण्यासारखं नाही.

पण २००६ चा विश्वचषक जिंकल्यावर बर्लिनच्या मैदानात चड्डीवर नाचणारा हाच. राग आणि आनंद, दोन्हीला याच्याकडे आतला खिसा नाही. जे असेल ते बाहेर.

पुढे हा आणि पिर्लो, दोघंही प्रशिक्षक झाले. २० जानेवारी २०२१, इटालियन सुपर कप. इकडे नापोलीचा गात्तुझो, तिकडे युव्हेंटसचा पिर्लो. युव्हेंटस २-० ने जिंकलं आणि करंडक पिर्लोला. चेंडूसुद्धा न हिसकावता! आयुष्यभर पिर्लोच्या पायाशी आणून ठेवायची सवय, ती कोट-टाय घातल्याने थोडीच सुटते?

चोवीस दिवसांनी लीगचा सामना, या वेळी नापोलीच्या घरी. एकुलता एक गोल, तोही पेनल्टीवर. नापोली १, युव्हेंटस ०. इतक्या वर्षांनी गात्तुझोने पिर्लोचा काटा काढला. काट्याला हातही न लावता.