प्रश्न विचारू नका, ओरडा

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत मेतकूट असतं, गुडघ्याचं तेल असतं, गोळ्यांची अख्खी पिशवी असते आणि मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेली ‘संकटसमयी उपयोगी इटालियन वाक्यं’ ही यादी असते. मेतकुटाच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही, यादीबद्दल आहे. यादी करणाऱ्याच्या डोक्यातलं संकट फार सभ्य असतं. आपण ‘पोत्रेब्बे इन्दिकार्मी ला स्तात्सियोने दी पोलित्सिया प्यू विचीना?’, म्हणजे ‘सर्वांत जवळचं पोलीस ठाणं दाखवण्याची कृपा कराल का?’ असं अदबीनं विचारेपर्यंत ते हाताची घडी घालून उभं राहतं. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. त्या बसमध्ये पाकीट गेलं तर आपण ‘इन्दिकार्मी’पर्यंत पोचेतो पाकीट पुढच्या थांब्यावर उतरलेलं असतं. पण समजा, चोरही सभ्य निघाला आणि वाक्य पुरं झालं, तरी सुटका नाही. खरं संकट तिथून पुढे सुरू होतं, कारण समोरचा माणूस उत्तर देतो.

प्रश्न पाठ करता येतो, उत्तर पाठ करता येत नाही, हे या याद्या सोयीस्करपणे विसरतात. आणि हा धोका इंग्रजांपेक्षा आपल्याला जास्त. इटालियन बरीचशी लिहितात तशी बोलतात. तिच्यातले त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. ‘सोक्कोर्सो’मधला जोड क म्हणताना इंग्रजाची तारांबळ उडते, आपल्याला ‘पक्का’ म्हणण्याइतकाच त्रास होतो. ‘पोलित्सिया’तला त्स हा चुलीतला च आणि ‘फार्माचीया’तला च हा चिंचेतला, हे दोन्ही च आपण कुणी न शिकवता लहानपणापासून वेगळे उच्चारत आलो आहोत. परिणाम असा, की इंग्रज माणसानं तोंड उघडलं की याला काही येत नाही हे पहिल्या तीन अक्षरांत कळतं, लोकांना दया येते आणि ते त्याला दंडाला धरून ठाण्यापर्यंत नेऊन सोडतात. मराठी माणूस तेच वाक्य इतकं स्वच्छ म्हणतो, की ऐकणाऱ्याला वाटतं हे गृहस्थ इथलेच रहिवासी. मग तो पूर्ण वेगानं उत्तर देतो. त्यातलं ‘सेंप्रे द्रित्तो’, म्हणजे सरळ सरळ, एवढंच कानात राहतं आणि ते म्हणताना त्याचा हात डावीकडे वळलेला असतो. आपण ‘नोन कापीस्को’, समजलं नाही, असं म्हणावं, तर तेही आपण इतक्या सफाईनं म्हणतो, की त्याचा विश्वासच बसत नाही. तो तेच उत्तर पुन्हा देतो, फक्त मोठ्या आवाजात.

म्हणून परक्या मुलखात उपयोगी वाक्य तेच, ज्याला तोंडी उत्तर लागत नाही. या कसोटीवर यादीतली तीन चतुर्थांश वाक्यं गळून पडतात आणि उरतात ती बहुतेक ओरडण्याची. ‘आयूतो!’, म्हणजे वाचवा. याला कर्ता नको, क्रियापद नको, ‘पेर फावोरे’ तर नकोच; बुडणाऱ्यानं ‘कृपया’ म्हणू नये. शिवाय या एका शब्दामागे तिथला कायदा उभा आहे. इटलीच्या दंडसंहितेच्या ५९३व्या कलमानुसार जखमी किंवा संकटात सापडलेला माणूस दिसूनही मदत न करणं, निदान अधिकाऱ्यांना न कळवणं, हा गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही व्याकरणाची काळजी करत बसायचं कारण नाही. पुढची काळजी ऐकणाऱ्यानं करायची. दुसरं ‘आल लाद्रो!’, म्हणजे चोर, चोर! याचंही उत्तर कुणी देत बसत नाही, लोक मागे वळून बघतात. व्हेनिसमध्ये ‘आत्तेन्त्सियोने, पिकपॉकेट!’ असं खच्चून ओरडत फिरणाऱ्या एका बाईंच्या चित्रफिती २०२३ साली जगभर गाजल्या. त्या घोषणेत एक शब्द इटालियन, दुसरा इंग्रजी, क्रियापद एकही नाही. तरी चोर तोंड लपवतात आणि पर्यटक खिसे चाचपतात. भाषेकडून आणीबाणीत याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

‘अहो, पण दुखण्याखुपण्याचं काय? तिथे ओरडून कसं भागेल?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि मराठी माणसाच्या बाबतीत तर फारच. आपल्याला नुसतं दुखत नाही. आपल्याला कसंतरी होतं, पित्त खवळतं, अंगात कणकण असते, पाय भरून येतात, पाठीत चमक निघते, पोटात कालवाकालव होते. यांतल्या एकाचंही इटालियन भाषांतर कुठल्या यादीत नसतं आणि असतं तरी डॉक्टरनं पुढचा प्रश्न विचारलाच असता. इथे कामाला येतं ते ‘मी फा माले क्वी’, इथे दुखतंय. या वाक्यातला जीव ‘क्वी’त, म्हणजे ‘इथे’मध्ये आहे, कारण तो बोटानं म्हणायचा आहे. बोट ठेवलं की शरीरशास्त्राचे सगळे शब्द वाचतात. त्यातून दुखणं मान आखडण्याचं किंवा पोट बिघडण्याचं असेल आणि कारण गार वारा असेल, तर हिरव्या क्रॉसच्या पाटीखालच्या औषधाच्या दुकानात शिरून ‘कोल्पो दारिया’ एवढंच म्हणावं. आपल्याकडे वारं बाधतं तसं ते तिथेही बाधतं. घामेजल्या अंगाला वाऱ्याची झुळूक लागली की माणूस आजारी पडतो यावर इटालियन आजीची आपल्या आजीइतकीच श्रद्धा आहे. पंखा, एसी आणि उघडी खिडकी या तिन्हींबद्दल दोघींचं मत एक. दुखणं मोठं असेल तर ११२ फिरवावा. अॅम्ब्युलन्सचा जुना क्रमांक ११८ अजून चालतो, पण ११२ हा साऱ्या युरोपचा. तो चालवणाऱ्यांनीही माझ्या कसोटीला मान्यता दिलेली दिसते: ‘व्हेअर आर यू’ नावाचं त्यांचं एक अॅप आहे, ते आपण कुठे आहोत हे आपण न बोलताच कळवतं आणि तोंड उघडणं शक्य नसेल तर मुक्यानंही मदत मागू देतं. पुढे ‘प्रोन्तो सोक्कोर्सो’त, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, नर्स तुम्हाला बघून एक रंग देते. लाल, नारिंगी, निळा, हिरवा आणि पांढरा. लाल मिळाला तर तुम्ही लगेच आत. पांढरा मिळाला, तर तुमचं ‘कसंतरी होणं’ त्यांना पटलेलं नाही असं समजावं आणि जवळचं मेतकूट काढावं.

आता मोबाइलवाले म्हणतील, की भाषांतर करणारं अॅप असताना ही चर्चाच कशाला? त्यांना एवढंच विचारायचं, की चोरीला बहुधा काय जातं? इटलीतल्या हॉटेलांत, संग्रहालयांत सगळ्यांना इंग्रजी येतं, हेही खरं. पण माणूस घसरून पडतो तो हॉटेलच्या काउंटरवर नव्हे, गल्लीतल्या ओल्या दगडावर, आणि तिथे पहिली धावून येते ती भाजीची पिशवी घेतलेली आजीबाई. ग्रुप टूरवाल्यांचं आणीबाणीचं वाक्य ‘टूर मॅनेजर कुठे गेले?’ हे एकच असतं. तेही उत्तर लागणाऱ्या जातीचं, म्हणून कसोटीला उतरत नाही. मॅनेजर तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी पाकीट शोधत असतात.

हातवाऱ्यांचा पक्ष मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. इटालियन माणूस निम्मं हातांनी बोलतो आणि नेपल्सच्या हातवाऱ्यांवर आंद्रेआ दे योरिओ नावाच्या पंडितानं १८३२ साली चांगला जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला आहे. पण ग्रंथ लिहावा लागला, यातच काय ते आलं. पाची बोटं वर जुळवून हात हलवला की तिथे त्याचा अर्थ ‘काय चाललंय काय तुझं?’, आपल्याला वाटतं, जेवायला बोलावतोय. एकजण वैतागलेला आणि दुसरा ‘नको नको, आत्ताच झालं’ म्हणतोय, असा तो संवाद होतो. आपलं मान डोलावणं तर डॉक्टरपुढे साफ बंद ठेवावं. आपला तो होकार समोरच्याला नकार वाटला, तर नको ते इंजेक्शन मिळेल किंवा हवं ते राहील. एक ‘च्यक्’ मात्र सिसिलीत जसाच्या तसा चालतो. जीभ टाळ्याला लावून हनुवटी जरा वर उडवली की नाही म्हणजे नाही, रत्नागिरीत काय आणि पालेर्मोत काय.

राहता राहिली दोन संकटं. पासपोर्ट हरवला तर ‘ओ पेर्सो इल पास्सापोर्तो’ एवढं म्हणून पोलिसांच्या किंवा काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या लष्करी पोलिसांच्या, कचेरीत उभं राहावं. ते फिर्याद लिहून घेतात, तिला ‘देनूंचा’ म्हणतात, आणि तिची प्रत घेऊन रोमच्या वकिलातीत किंवा मिलानच्या वाणिज्य दूतावासात जायचं. कागदावर सगळ्या देशांचे सरकारी लोक सारखेच प्रेम करतात, त्यामुळे बोलणं आपोआप कमी होतं. दुसरं संकट सगळ्यांत निकडीचं, आणि यादीत ते हमखास ‘शौचालय कुठे आहे?’ या प्रश्नाच्या रूपानं दिलेलं असतं. तो विचारूच नये. दिसेल त्या बारमध्ये शिरून ‘उन काफ्फे’ म्हणावं. उत्तरादाखल दोन घोटांची कॉफी येते आणि गिऱ्हाईक म्हणून आतल्या दाराकडे बोट दाखवण्याचा हक्क मिळतो. जाता जाता सांगायला हवं, की १९७५ च्या एका सरकारी आदेशानं इटलीत घरोघरी बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्यानं धुण्याचं बसकं भांडं, सक्तीचा केला आहे. पाण्यावाचून भागत नाही असं मानणारे युरोपात आपण एकटेच नाही.

बोलण्यापेक्षा चार पाट्या वाचता येणं अधिक मोलाचं. स्टेशनच्या फलकावर गाडीपुढे ‘सोप्प्रेस्सो’ दिसलं तर गाडी रद्द, ‘शोपेरो’ म्हणजे संप, ‘ग्वास्तो’ म्हणजे यंत्र बंद. नळावर ‘नोन पोताबिले’ असेल तर पाणी पिऊ नये. ‘सी’ अक्षराचा नळ तर कोल्ड समजून सोडूच नये, तो ‘काल्दो’चा, म्हणजे कढत पाण्याचा असतो. आणि हॉटेलच्या न्हाणीघरात शॉवरशेजारी एक बारीक दोरी लोंबत असते, खाली छोटीशी मूठ असलेली. घसरून पडल्यावर ती ओढली की खाली घंटा वाजते आणि माणूस धावत येतो. उच्चार नको, व्याकरण नको. तिच्यावर कृपा करून टॉवेल वाळत घालू नका.