शंभरातला एक

"काय वो वैनी, रात्री अकराला तुमची पोरगी मोबाइलवर काय बगत बसतीया? खिडकीतनं नुसतं रंगीत ठिपकं दिसत हुतं. मी म्हटलं, गेमच असणार."

"गेम कुटला काकू, बारावीची केमिस्ट्री हाय ती. ॲसिड-बेस."

"म्हंजे लिंबू आन् सोडा."

"तेच. मोबाइलवरचं प्रयोग हायत ह्ये, फेट म्हणत्यात त्यास्नी. तकडं अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलवाल्या कार्ल वीमननं 2002 ला सुरू केलंय. पैसा लागत न्हाई. एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी चालतंय. मी बी बसलो की बगत! ॲसिड स्ट्राँग घ्यायचं का वीक, आपुन ठरवायचं. वायरी बुडवल्या की स्ट्राँगमधी दिवा लख्ख, वीकमधी नुसता मिणमिण."

"असं का?"

"स्ट्राँग असलं की पाण्यात सगळंच फुटतंय. व्हिनेगरातलं ॲसिड वीक. 0.1 मोलरला शंभरातला जेमतेम एक कण फुटतोय. आन् त्यो बी कायम फुटलेला न्हाई. ह्यो फुटला की त्यो जुळतोय, सारखं चालूच. आकडा तेवढा हालत न्हाई."

"रंकाळ्यावरची संध्याकाळ म्हणा की. किती येत्यात, किती जात्यात, गर्दी तेवढीच."

"आता कसं बोललासा! पर खोट सांगू? मोबाइलातल्या कण दावणाऱ्या भिंगात ठिपकं जागच्या जागी बसल्यात. येणं-जाणं पोरीनंच डोस्क्यात चालवायचं. धड्याचा जीव त्यातच, आन् तेच दिसत न्हाई."

"आमच्या मामंजींच्या गुऱ्हाळात ह्ये सगळं काहिलीत दिसायचं. रस आंबूस, म्हणून गुळव्या चुन्याची निवळी घालायचा, भेंडीचं पाणी घालायचा. मळी वर आली की काढायची. चुना जास्त पडला की गूळ काळा, मग शाहूपुरीच्या गूळबाजारात भाव पडला."

"त्यो पीएचच की काकू. रसाचा पाचाच्या जरा वर असतोय. ह्ये पीएच नाव 1909 चं, डेन्मार्कात कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेनसन म्हणून हुता, त्यानं काडलेलं."

"कार्ल्सबर्ग? बिअरवालं?"

"तेच."

"बगा! तकडं बिअरवाल्याचं पुस्तकात नाव, आन् आमच्या गुळव्याचं नाव गावात बी कुणाच्या ध्यानात न्हाई. बरं, संध्याकाळी मी येतो. मोबाइलमधी चुना घालून बगू."

"बेस घालता येतोय, पर गूळ न्हाई हुयाचा. पीएचचा कागद तेवढा रंगतोय."

"मग चाखायचं काय, कागद?"