बहुमताने ठरलेली नजर

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने सर्वसाधारण सभेस जे सर्वोच्च अधिकार बहाल केले, त्यांचा अंमल आता प्रकाशशास्त्रावरही सुरू झाला असून, फाटकावरील कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे असावे हा प्रश्न, जो एरवी एखाद्या कसबी कारागिराने शिडीवर उभ्या उभ्या निकालात काढला असता, पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत नुकताच हात वर करून सोडविण्यात आला.

कारागिराने आरंभी अदबीने अर्ज केला होता की, २.८ मिलिमीटरच्या भिंगास सुमारे शंभर अंशांचा मुलूख दिसतो खरा, परंतु त्यात माणूस मुंगीएवढा होतो; ६ मिलिमीटरच्या भिंगास मुलूख निम्माच दिसला तरी चेहरा ओळखू येतो, सबब फाटकासाठी तेच घ्यावे. किंमत तीच असता कमी पाहणारे यंत्र विकत घेणे हा सभासदांच्या पैशाचा अपव्यय होय, असा शेरा खजिनदारांनी मारताच २.८ चा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. उंचीविषयीही असाच विवेक दिसून आला. दहा फुटांवर लावल्यास कॅमेराच चोरीस जाईल, या दूरदृष्टीने तो दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली चढविण्यात आला. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळूची नोंद आता निर्दोष होते, नाकडोळ्यांचा तेवढा अभाव राहतो.

दिशेचा वाद मात्र चिघळला. ज्या गृहस्थांची दुसरी मोटार पाहुण्यांच्या जागेत कायमची वस्तीस असते, त्यांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय सभेपुढे अशा गहिवराने मांडला की, तो निर्णय त्या मोटारीसाठीच झाला असावा असे वाटावे. यंत्र डावीकडे वळले. तिकडे एका सभासदाची बाल्कनी येत होती, म्हणून ते आणखी वळले. आणि अखेर जिला हरकत घेण्यास कोणीही सभासद नव्हता अशा एकमेव दिशेस, म्हणजे पूर्वेस, स्थिरावले. प्रातःकाळी, दूधवाला व पेपरवाला येण्याच्या समयी, सूर्यनारायण प्रत्यक्ष भिंगात उतरतात आणि पडद्यावर केवळ तेज उरते.

रात्रीचा बंदोबस्त अवरक्त दिव्यांकडे आहे. त्यांचा अदृश्य प्रकाश सज्जाच्या पांढऱ्या चुन्यावर आपटून परत फिरतो, त्यामुळे सज्जा लख्ख दिसतो आणि फाटक काळोखात बुडते. त्या दिव्यांवर कीटक जमतात, कीटकांसाठी कोळी येतो, आणि कोळ्याने भिंगापुढे पाय हलविला की हालचालीची वर्दी चिटणिसांच्या मोबाइलवर जाते. चिटणिसांनी काही रात्री ही नोकरी इमानेइतबारे बजावली व नंतर वर्दीच बंद केली; त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल.

अशात मागील महिन्यात पाण्याच्या टाकीचा पितळी नळ नाहीसा झाला. चित्रण पाहावयाचे तर लेखी अर्ज करावा व तो कार्यकारी समितीच्या मासिक सभेपुढे यावा, असा दंडक आहे. रेकॉर्डरच्या डिस्कवर जुन्या चित्रणावर नवे चढत असल्यामुळे तेथे पंधरा दिवसांपलीकडचे काहीच शिल्लक राहत नाही. अर्ज विधिवत दाखल झाला, सभेत वाचला गेला, एकमताने मंजूर झाला, आणि त्याच बैठकीत ‘चित्रण उपलब्ध नाही’ असा शेरा मारून दप्तरी जमा करण्यात आला.