कच्चे नाना

प्रत्येक सोसायटीत एक तरी नाना असतात. बँकेची पेन्शन, सुटलेलं पोट नुकतंच थोडं आत गेलेलं आणि त्या आत गेलेल्या पोटाबद्दल बाहेर अखंड बोलणं. पूर्वी ते प्राणायामाचे होते, मध्यंतरी गव्हांकुराचे झाले, सध्या कच्च्या अन्नाचे आहेत. आमच्या कोथरूडच्या इमारतीतले नाना लिफ्टमध्ये भेटले, तर चौथा मजला येईपर्यंत 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कसं नष्ट होतं ते सांगून होतं. लिफ्ट बंद असली तर जिन्यात तंतुमय पदार्थही उरकतात.

"सृष्टीत दुसरा कुठला प्राणी अन्न शिजवतो?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. "दुसऱ्या कुठल्या प्राण्याला पेन्शन तरी कुठे मिळते?" असं त्यांच्या पत्नी माई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या. ते नानांना ऐकू गेलं नाही. अशा वेळी त्यांना ऐकू जात नाही.

एका सोमवारी नानांनी जाहीर केलं की, यापुढे घरातलं बहुतेक जेवण कच्चं. गॅस पेटेल तो मुख्यतः चहासाठी, कारण चहा हे अन्न नव्हे. मुलगा ऑफिसच्या कॅन्टीनमुळे वाचला. नातवाच्या डब्यात मोड आलेले मूग आणि गाजराचे तुकडे जाऊ लागले. डबा रोज रिकामा येतो म्हणून नाना खूश आहेत. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांची तब्येत एकदम सुधारली आहे, हे नानांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

कच्चं म्हणजे बिनकष्टाचं, अशी नानांची प्रामाणिक समजूत. "अगं, तुझा स्वयंपाकच वाचला की!" असं ते सोफ्यावरून सांगतात. आत माई मूग भिजवतात, उपसतात, फडक्यात बांधून ठेवतात. काकडी चोचवतात, गाजर किसतात, नारळ खवतात, पालेभाजीचं पान न् पान मिठाच्या पाण्यातून काढतात. "पूर्वी कुकर लावला की तीन शिट्ट्यांपुरतं तरी टेकायला मिळायचं," एवढंच त्या म्हणतात.

गंमत अशी की, हे सगळं या घरात कायमच होतं. पानाच्या डाव्या बाजूला माई लग्न झाल्यापासून कोशिंबीर वाढत आल्या: काकडीची, गाजराची, कोबीची पचडी, मुळ्याचा किस. चैत्रात भिजवलेली हरभऱ्याची डाळ कैरी घालून वाटायची, म्हणजे आंबेडाळ. नाना ती डावी बाजू शोभेची समजत. मुळा तर ते वासासकट ताटाबाहेर काढत. आणि परवा मोबाइलवर एका गोऱ्या बाईंचा व्हिडिओ पाहून त्यांनी माईंना शिकवलं, "गाजर किसायचं, त्यात लिंबू पिळायचं, वर दाण्याचं कूट. बघ जमतंय का." माईंनी नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात फोडणीचा चरका होता. आणि फोडणी तर नानांनी बंद केलेली.

नानांना साक्षीदार मोठे लागतात. गांधीजींनी 1929 साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याबद्दल 'यंग इंडिया'त लिहिलं, हे ते तारस्वरात सांगतात. त्याच वर्षी पोट बिघडून गांधीजींना तो प्रयोग सोडावा लागला, हा उत्तरार्ध सुनेने शोधून काढला. नानांचं उत्तर तयार होतं, "त्यांच्याकडे मिक्सर नव्हता." टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, गाजरातलं कॅरोटिनही थोड्या तेलातुपाबरोबर शिजवलं की अधिक मिळतं, हेही तिने सांगून पाहिलं. "ते विज्ञान झालं. मी निसर्गाबद्दल बोलतोय." राजमा नुसता भिजवून खायचा त्यांचा बेत मात्र तिने हाणून पाडला. कच्च्या राजम्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या होतात, हे ऐकल्यावर निसर्गाने माघार घेतली.

दुधीच्या रसाचं प्रकरण याहून गंभीर. रोज सकाळी पेलाभर हिरवा रस, तोही गॅलरीत उभं राहून, समोरच्या विंगला दिसेल असा. एके दिवशी दुधी कडू निघाला. "कडू तेच औषध," म्हणत नानांनी दुसरा घोट घ्यायला पेला उचलला आणि माईंनी तो हातातून काढून थेट बेसिनमध्ये ओतला. इतक्या वर्षांत माईंनी त्यांच्या हातातून काही हिसकावल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. रस कडू लागला तर तो पिऊ नये, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं. माईंना ते त्यांच्या आईने सांगितलं होतं. दुधी चिरण्याआधी त्याची चकती जिभेला लावून पाहायची. त्या दिवशी रस नानांनी स्वतः काढला होता, एवढंच.

आता व्रत जरा सैल झालंय, पण नियम शाबूत आहेत. फक्त कच्च्याची व्याख्या रुंदावली आहे. आमरस कच्चाच. दडपे पोहे कच्चेच. भेळेत कांदा, टोमॅटो, कैरी, कोथिंबीर, म्हणजे बहुमत कच्च्याचं. श्रीखंडाला तरी गॅस कुठे लागतो? दूध तापवलेलं असतं, हे सुनेच्या ओठांवर आलं होतं, पण साखरेचा रिपोर्ट यायचाच होता, म्हणून ती गप्प बसली.

परवा एका लग्नात नाना जिलबीच्या रांगेकडे करुणेने पाहत सॅलडच्या टेबलाशी गेले. तिथे ते एकटेच. बिटाची फुलं, कलिंगडाचा मोर, मधोमध मुळ्याचा हंस. वाढपी धावत आला. "काका, ते खायचं नाही! संध्याकाळी रिसेप्शनला परत लावायचंय."

नानांची तोवर हंसाची मान खाऊन झाली होती.