लाखाची लवचिकता

फोंडाघाट चढून दाजीपूरला टेकलेले पाहुणे टायटॅनियमच्या सायकलीवर हात फिरवत सांगतात, “फ्रेम कशी जिवंत वाटते!” धातूचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा, हे खरं, पण नळ्या जाड केल्या की ती लवचिकता कारखान्यातच संपते. उभ्या धक्क्याला त्रिकोणी फ्रेम दबते ती मिलिमीटरच्या हिशेबात. जाडजूड टायर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे लाखांचं सुख बरंचसं हवेचंच. घाटाखालचा पंक्चरवाला ते फुकट देतो: “हवा वायच कमी करा, गाडी मऊ धावतली.” टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट मात्र रत्नागिरीच्या काळ्या वाळूत पडलंय. तिथले लोक त्यावरून अनवाणी चालतात. राइड फील? दुपारी पाय भाजतात.