गुळगुळीत पस्तीस

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहे. सव्वा लाखाचं मॅकबुक त्याने हसत घेतलं, पण गेम खेळण्यासाठी विंडोजचा साधासा लॅपटॉप घ्यायला तो मरेपर्यंत तयार होणार नाही. तसं सुचवून बघा. हापूसच्या पेटीशेजारी बसलेल्या माणसाला डब्यातला आमरस देऊ केल्यासारखं तो बघतो.

शनिवारी जेवणं आटोपली की तो बसतो. खेळायला नव्हे, विंडोजचा गेम मॅकवर चालू करायला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर कळलं. स्क्रीनवर काळी खिडकी उघडते आणि तिच्यातून ओळी धो धो वाहू लागतात. प्रत्येक ओळीत 'फिक्समी'. आपल्याला वाटतं, संपलं सगळं. तो मात्र शांतपणे चहा ओततो. "फिक्समीला घाबरायचं नसतं हो. 'अर' म्हणजे चूक, ते आलं तर बघायचं." मग 'अर' येतं, आणि त्याची कळी खुलते.

त्याचं दैवत वाइन. १९९३ पासून चालत आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर, विंडोजचा प्रोग्रॅम जे जे मागेल ते विंडोजशिवाय पुरवतं. पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं थांबणाऱ्यांबद्दल त्याला सख्ख्या भावासारखी आपुलकी. पण एकट्या वाइनने भागत नाही. गेमचं डायरेक्टएक्स डीएक्सव्हीके व्हल्कनमध्ये आणतं, ते मोल्टनव्हीके मेटलमध्ये नेतं, आणि इंटेलच्या चिपसाठी लिहिलेलं सगळं रोझेटा ॲपलच्या चिपला समजावतं.

"म्हणजे एका गेमला तीन दुभाषे?"

"आणि तरी साठ फ्रेम!"

"साठ?"

"पस्तीस. पण गुळगुळीत पस्तीस."

२०१९ मध्ये मॅकची कॅटालिना आवृत्ती आली आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले, तेव्हा तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. पुढच्या वर्षी एमवन चिप आली, मॅकवर सरळ विंडोज टाकायची बूटकॅम्पची सोय गेली, तेव्हा लोक हळहळले. याला उलट हुरूप आला. आता सोपा रस्ताच उरला नव्हता ना! जून २०२३ मध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट काढलं. आपला गेम मॅकवर कसा चालेल हे डेव्हलपर मंडळींना आधी अजमावता यावं, म्हणून. त्या रात्रीपासून हा स्वतःला डेव्हलपर समजतो.

वाइन मॅकवर सोपं करून देणारं व्हिस्की नावाचं फुकट ॲप २०२५ मध्ये त्याच्या कर्त्यानेच थांबवलं आणि लोकांना तशाच कामाचं क्रॉसओव्हर घ्यायला सांगितलं. क्रॉसओव्हरला पैसे पडतात. "पैसे देऊन चालवण्यात कसलं कर्तृत्व?" हा म्हणाला. क्रॉसओव्हर विकणारी कंपनीच वाइनच्या बऱ्याचशा कामाचा पगार देते, हे बायकोने कुठेतरी वाचलं होतं. तिने ते जेवताना सांगितलं. त्याने ताक मागितलं.

सुट्टीत भाचा आला. त्याला व्हॅलोरंट हा गेम हवा होता.

"ते नाही चालायचं. त्याचं लबाडी पकडणारं व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं."

"मग काय चालतं, मामा?"

"काय चालतं ते काय विचारतोस? काय चालत नव्हतं ते विचार!"

पोराने मोबाइल काढला.

जुलै २०२५ मध्ये सायबरपंक २०७७ मॅकसाठी रीतसर बाजारात आला. हाच गेम याने टूलकिट आणि असंख्य रात्री खर्चून चालवून दाखवला होता. पाहुण्यांना चहाबरोबर त्याचं पहिलं दृश्य बघावं लागायचं. पहिल्या दृश्याच्या पुढे तो स्वतःही फारसा गेला नव्हता. मी उत्साहाने अभिनंदन करायला गेलो. "आता काय, कुणीही चालवेल," तो म्हणाला, आणि फोल्डर डिलीट करून विंडोज ९८ च्या काळातला एक ट्रॅक्टरचा गेम उतरवायला लागला. कुणाला नको असलेला. आवाज येत नव्हता, माउस उलटा फिरत होता.

"बसा ना," तो म्हणाला. स्वारी खुशीत होती.