वरूडचा संत्रा, वर्ग ‘ब’

1934 चा पेट्रोलियम कायदा किती दूरदृष्टीचा आहे, हे वरूडकरांनी आता मान्य करावे. कोणताही द्रव हायड्रोकार्बन म्हणजे पेट्रोलियम, आणि तो ज्यात आहे असे ज्वालाग्राही मिश्रणही पेट्रोलियमच, मग ते घन का असेना, अशी त्याची व्याख्या. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असते. ते द्रव आहे, निव्वळ हायड्रोकार्बन आहे आणि त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे 48 अंश सेल्सिअस. 23 ते 65 अंशांमधले सारे ‘ब’ वर्गात. म्हणजे संत्रा थेट डिझेल-रॉकेलच्या पंगतीला बसला. ओली साल कुठे पेटते, असा आक्षेप कोणी घेईल. त्याने ती ज्योतीवर पिळून पाहावी. ठिणग्या उडतील आणि आक्षेप मिटेल.

परवान्याची धास्ती मात्र बागायतदारांनी घेऊ नये. ‘ब’ वर्गाचा 2500 लिटरपर्यंतचा साठा, एकही भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसेल तर, विनापरवाना चालतो. आणि एवढा मोठा संत्रा अजून कोणत्याही कलमाला धरलेला नाही. पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच असल्याने नमुने पोचवणेही सोपे. ते सोलून तपासायचे की सालीसकट, एवढे परिपत्रक तेवढे निघायचे आहे. जिनिंगच्या आवारात मे महिन्याच्या उन्हात पडलेल्या कापसाच्या गंजीची कोणी उगाच काळजी करू नये. कापूस द्रव नाही, हायड्रोकार्बनही नाही. या कायद्यापुरता तो पेटतच नाही.